हमखास अडकणारं पिस्तूल

पाहुणे यायच्या आधी थोरलीने, म्हणजे आबांच्या मोठ्या सुनेने, घरातल्या तिन्ही पुरुषांना स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि बजावलं, "आज कारखान्याचं नाव काढायचं नाही."

"कुठल्या कारखान्याचं?" आबांनी विचारलं.

"आबा, आपला एकच होता."

"तो बंद पडून किती वर्षं झाली! आता त्याचं नाव कोण काढतंय?"

"तुम्ही काढता. परवा गॅसची नळी बदलायला आलेल्या माणसाला स्प्रिंगचं पोलाद कसं पारखायचं ते समजावून सांगत होतात. बिचारा नळी अर्धवट ठेवून पळाला."

आबांनी ते नाकारलं नाही. तो माणूस हुशार होता, शेवटी शेवटी बरे प्रश्न विचारत होता, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

थोरलीने सकाळीच दिवाणखान्यातली जुन्या जाहिरातीची तसबीर उतरवून कपाटामागे सरकवली होती. 'हमखास : सामान्य माणसाच्या हाती, सामान्य माणसाच्या किमतीत.' खाली पिस्तुलाचं चित्र आणि ते हातात धरलेला, चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नसलेला एक चौकीदार. तो चौकीदार म्हणजे तरुणपणीचे आबाच होते. दुसरा माणूस उभा करायला पैसे कोण देणार?

"पण का नाही काढायचं नाव?" थोरल्याने, तिच्या नवऱ्याने, विचारलं. लेकीच्या सासरकडची माणसं पहिल्यांदा घरी येत होती आणि आपल्या घराण्याने केलेली एकुलती एक मोठी गोष्ट लपवून ठेवायची, हे त्याला पटत नव्हतं.

"कारण मी सांगते म्हणून."

खरं कारण तिला कालच, कपड्यांच्या घड्या घालताना, लेकीने, बबीने सांगितलं होतं. बबी दातांची डॉक्टर. जिथे दुखतं तिथे आधी हात लावायचा नाही, हे तिला धंद्यानेच शिकवलेलं. म्हणून सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, त्याच्या बाबांना हमखासचा राग आहे."

"कुठल्या हमखासचा?"

"आपल्याच. ते फौजदार होते ना. त्यांच्याकडे होतं."

थोरलीच्या हातातली उशीची खोळ तिथेच राहिली. मुलगा सरळ होता, इमारतींच्या लिफ्ट तपासायची त्याची नोकरी होती, दोघांचं तीन वर्षं जमलेलं होतं, आणि आता सगळं अडणार कशावर, तर सासऱ्यांच्या पिस्तुलावर! नवऱ्याला सांगावं तर तो पाहुण्यांना दारातच वाद घालायला उभं करील. तिने कुणालाच सांगितलं नाही. तेच चुकलं.

हमखासची कहाणी घरातल्या प्रत्येकाकडे वेगळी होती, पण मुद्दा एकच. आबांनी तारुण्यात एक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल बनवलं. चाप ओढला की गोळी सुटायची, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकली जायची आणि पुढची गोळी नळीत बसायची. परदेशी पिस्तुलंही हेच करायची, फक्त त्यांच्या किमतीत माणसाचं लग्न उरकलं असतं. हमखास दिसायला ओबडधोबड होतं, वजनाला खलबत्त्यासारखं होतं, पण परवाना मिळालेल्या पहारेकऱ्याला, पेट्रोलपंपावरच्या रोखपालाला ते परवडायचं. काटकसरीचे दिवस होते, पोलिसांनीही काही घेतली. मग ती अडकू लागली. पिस्तुलात काही खोट नव्हती. गोळ्या भरायची मॅगझिनं मात्र बाहेर, विजेऱ्यांची नळकांडी बनवणाऱ्याकडे करायला दिली होती, आणि त्याने पत्रा पातळ वापरला. मॅगझिनच्या तोंडाजवळचा पत्रा फाकला की गोळी तिरकी वर यायची आणि नळीच्या तोंडाशी रुतून बसायची. आबांनी माणूस बदलला, पत्रा बदलला. लोकांचं बोलणं बदललं नाही. 'हमखास काय?' असं कुणी विचारलं, की 'अडकतं' असं उत्तर पोरंसोरंही द्यायची.

थोरला अजून घराच्या पुढच्या भागात बंदूक-दुरुस्तीचं दुकान चालवायचा आणि आलेलं प्रत्येक हमखास आजारी नातेवाइकासारखं जपून बरं करायचा. धाकट्याने मात्र बाजारात काचेच्या दाराचं दुकान टाकलं होतं. तिथे फक्त परदेशी माल. हमखास विकायला कुणी आणलं, की तो म्हणायचा, "वितळवा आणि तवा करून घ्या, निदान पोळी तरी होईल." हे थोरल्याच्या कानावर गेलं, त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी थेट बोलत नव्हते. जेवताना मीठ हवं असलं तरी "आबा, त्याला सांगा" असं चालायचं. मीठ आबांच्याच समोर असायचं, तरीही.

पाहुणे वेळेवर आले. फौजदारसाहेब अंगाने लहानखुरे, शर्टाला कडक इस्त्री, आणि आवाज मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. त्यांची बायको निवृत्त शिक्षिका होती. शाळेत सगळे तिला गणिताच्या बाई म्हणायचे, आणि आता सगळं गावच म्हणत होतं. मागून लिफ्टवाला मुलगा आला. त्याने बबीकडे बघून भुवया उंचावल्या. बबीने बारीकशी मान हलवली, म्हणजे आईला सांगितलंय.

चहा झाला, बिस्किटं झाली. हवेबद्दल बोलून झालं, लिफ्ट मध्येच बंद पडली तर काय करावं याबद्दल झालं. थोरलीचा जीव जरा खाली बसतोय, तोच फौजदारसाहेबांनी समोरच्या दाराकडे मान वळवली.

"दुकान बंदुकांचं म्हणे तुमचं?"

"किरकोळ दुरुस्ती," थोरली नवऱ्याच्या आधी बोलली. "अगदीच किरकोळ."

"मग तुम्हाला एक किस्सा सांगायलाच हवा."

"सांगायलाच हवा का?" बाईंनी बशीत बघत विचारलं.

मुलाने डोळे मिटून घेतले.

फौजदारसाहेबांना हा किस्सा सांगताना जितकं जिवंत वाटायचं, तितकं दुसरं काही करताना वाटत नसे. ते उभे राहिले. चहाचा चमचा त्यांच्या हातात पिस्तूल झाला, सोफा झाला कापडाचं गोदाम. "दुपारची वेळ. बाहेर ऊन, आत अंधार. गाठोड्यांच्या थप्पीवर चोर. उंची किती असेल? दार मोडून आत आला होता असं नव्हे, दाराला त्याच्या अंगातून वाट काढावी लागली असती, एवढा! मी एकटा. ओरडलो, खाली उतर! तो हसला. मी काढलं पिस्तूल. धरलं. ओढला चाप. आणि काय?"

"काय?" आबांनी मनापासून विचारलं. गोष्ट त्यांना आवडायला लागली होती.

"काही नाही! गोळी नाही, आवाज नाही. अडकलं! तो शांतपणे खाली उतरला, कपडे झटकले, माझ्या शेजारून जाताना म्हणाला, 'साहेब, येतो,' आणि गेला! ठाण्यात सगळे मला 'येतो साहेब' म्हणायला लागले. बदली झाली तर नाव माझ्या आधी तिथे पोचलेलं. बढती अडली. आणि कशामुळे? एका टिनपाट, भंगार, खेळण्यातल्या पिस्तुलामुळे. हमखास!"

थोरलीने बिस्किटांची बशी उचलली आणि कुणापुढे करावी ते न सुचून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"ज्या माणसाने ते बनवलं ना," साहेब चमचा नाचवत म्हणाले, "तो मला एकदा भेटायला हवा होता."

"भेटला तर?" आबा पुढे सरकले.

"त्याच्या हातात तेच पिस्तूल देऊन त्याला वाघासमोर उभा करीन!"

आता थोरला बोलणार, हे थोरलीला दिसत होतं आणि तिने डोळे वटारले होते. पण बोलला धाकटा. हमखासचा तवा करायला निघालेला धाकटा!

"साहेब, तेल घालत होता का कधी?"

"काय?"

"पिस्तुलाला. तेल. साफ करत होता का?"

"मी फौजदार होतो, तेलाचा घाणा नव्हतो."

"तेच म्हणतो मी," धाकट्याची मान ताठ झाली. आपण काय बोलतोय याचं त्यालाच नवल वाटत होतं. घरात तो त्या पिस्तुलाला हव्या त्या शिव्या घालायचा, पण बाहेरचा माणूस चमचा नाचवत तेच म्हणाला, तेव्हा मात्र त्याला ऐकवेना. "परदेशी पिस्तुलाला मऊ कापडाच्या पिशवीत ठेवायचं, आणि हमखासला खिशात, तंबाखूच्या चुऱ्यात. मग म्हणायचं अडकतं! काय रे दादा?"

थोरल्याने चमकून भावाकडे पाहिलं. किती तरी दिवसांत त्याला कुणी 'दादा' म्हटलं नव्हतं. त्याला गहिवरून आलं, आणि गहिवरून आलं की त्याचा तोंडावरचा ताबा सुटायचा. "बरोबर बोललास! साहेब, ते पिस्तूल टिनपाट नाही. ते आमच्या आबांनी बनवलंय!"

फौजदारसाहेबांनी हळूच चमचा बशीत ठेवला. मुलाने डोळे उघडलेच नाहीत. थोरली बशीतलं एक बिस्किट उचलून स्वतःच खाऊ लागली, कारण आता दुसरं करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"तुम्ही?" साहेब आबांकडे वळले.

"मी," आबा म्हणाले. "वाघ कुठे आहे?"

बाईंना हसू फुटलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. साहेब मात्र कोंडीत सापडले. शब्द मागे घ्यावे तर आयुष्यभराचा किस्सा मागे घेतल्यासारखं, न घ्यावे तर समोर मुलाच्या भावी बायकोचे आजोबा. त्यांनी पोलिसी खात्यातला जुना मार्ग धरला आणि आवाज आणखी चढवला. "वडीलधारे आहात, मान राखतो. पण खरं ते खरं. अडकलं होतं!"

"शक्य नाही," थोरला म्हणाला.

"अशक्य," धाकटा म्हणाला.

"अडकायचं," आबा म्हणाले.

दोन्ही मुलगे त्यांच्याकडे बघत राहिले.

"असं काय बघता? अडकायचं. पहिल्या खेपेतली तर फारच अडकायची. साहेब चूक बोलत नाहीत."

"आबा!" थोरल्याचा आवाज चिरकला. "आणि मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर काय सांगत आलो?"

"ते तू सांगत होतास. मी कधी सांगितलं?"

"बघा!" साहेबांचा चेहरा उजळला. "बनवणारा स्वतः म्हणतोय!"

"आबा, वय झालंय तुमचं," धाकटा उठला. "दादा, मागची पट्टी मोकळी आहे ना? एक हमखास काढ. आत्ता लावू निकाल."

थोरल्याच्या दुकानामागे एक लांबोडकी, खिडक्या नसलेली खोली होती, तिलाच घरात पट्टी म्हणत. दुरुस्त झालेलं हत्यार गिऱ्हाइकाला देण्याआधी तिथे चालवून बघायचा रीतसर परवाना होता. टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत, पोत्यांसमोर पुठ्ठा, आणि अलीकडे एक टेबल, त्याच्या खणात सुटे भाग. लग्नाची बोलणी करायला आलेली सगळी मंडळी कानांवर जाडजूड कानपट्ट्या लावून भिंतीला पाठ टेकून ओळीने उभी राहिली. थोरलीने पदर सारखा केला. आपल्या लेकीचं लग्न मोडताना आपण अशा दिसणार, हे तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

थोरल्याने हमखास तपासलं, मॅगझिन भरलं, पोत्यांकडे रोखलं आणि चाप ओढला. पुंगळ्या टणटण उडून जमिनीवर नाचल्या. शेवटची गोळी सुटेपर्यंत एकदाही थांबलं नाही.

"कसं?" थोरला म्हणाला.

"मला दे," धाकटा म्हणाला. लहानपणापासून त्याने ते हातात धरलं नव्हतं. ओबडधोबड मूठ तळहातात बसली आणि त्याला उगीचच कारखान्याच्या फाटकाशी आबांची वाट बघत बसल्याची आठवण झाली. त्यानेही मॅगझिन रिकामं केलं. पुन्हा टणटण. कुठे अडखळलं म्हणून नाही.

"घरचीच माणसं आहेत," साहेब गुरगुरले. "ओळख आहे त्याची तुमच्याशी. मला द्या."

त्यांना दिलं. त्यांनी श्वास रोखून, दात आवळून, ते आता अडकेल, आता अडकेल अशा आशेने चाप ओढला. सुटली. पुन्हा ओढला. सुटली. पिस्तूल इमानदारीत चालत राहिलं, आणि प्रत्येक गोळीबरोबर साहेबांचे खांदे थोडे थोडे खाली येत गेले. मॅगझिन संपलं तेव्हा पुठ्ठ्याच्या मधोमध भोकं पडलेली होती. नेमबाजी त्यांना झकास येत होती. त्याचाही त्यांना आनंद झाला नाही.

"नाही," ते पिस्तूल टेबलावर ठेवत पुटपुटले. "त्या दिवशी असं नव्हतं. त्या दिवशी चाप हललाच नव्हता. दगड! मी दोन बोटं लावून ओढला, तरी जागचा हलेना."

बबीने कानपट्टी काढली. ती या पोत्यांमागे लपाछपी खेळत मोठी झाली होती, आणि वाक्य संपायच्या आत तिला कळलं. शेजारी उभ्या बापालाही कळलं, काकालाही कळलं. मॅगझिनमुळे अडकलं तर आधी निदान एक गोळी सुटते. गोळी फुसकी निघाली तर चाप हलतो, खट् आवाज येतो. चाप दगडासारखा घट्ट बसतो तो एकाच कारणाने. सेफ्टीची खिट्टी खाली करायची राहिली होती. पिस्तूल अडकलंच नव्हतं. साहेब विसरले होते.

थोरल्याच्या चेहऱ्यावर सणासुदीसारखा आनंद पसरला. वर्षानुवर्षांचा न्याय त्याच्या जिभेच्या टोकावर आला होता. "साहेब, चाप हललाच नाही म्हणजे मग तुमची—"

धप्प! बाईंची पर्स हातातून निसटून उघडी पडली. चष्म्याचं घर, किल्ल्या, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं, खडूचा एक तुकडा, सगळं पुंगळ्यांमध्ये विखुरलं. "अगं बाई! वेंधळेपणा माझा." सगळे वाकले. वाकल्या वाकल्या बबीने बापाच्या पायावर पाय दिला आणि तो तसाच ठेवला.

आबा मात्र वाकले नव्हते. ते साहेबांकडे बघत होते. साहेबांची नजर टेबलावरच्या पिस्तुलावर खिळली होती आणि त्यांचा अंगठा आपोआप हवेत हलत होता, खाली, वर, खाली, जणू काहीतरी आठवू बघत होता. चेहरा हळूहळू पडत चालला होता. कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस आतल्या आत चुरगळताना आबांना दिसला. वर्षानुवर्षं 'येतो साहेब' ऐकून घेतलं ते एका आधारावर, की चूक पिस्तुलाची होती. तोही आधार आता काढून घ्यायचा?

"तुम्ही चुकीचं मॅगझिन लावलंत रे," आबा एकदम म्हणाले.

"चुकीचं?" थोरला पाय सोडवू बघत होता.

"ही सगळी नंतरच्या पत्र्याची. पोलिसांना गेलेली खेप जुनी होती." आबांनी खण ओढला, मोडक्या भागांचा डबा उपसला, चार मॅगझिनं बोटांनी चाचपून बाजूला सारली आणि पाचवं काढलं. तोंडाशी फाकलेलं. थोरल्याने ते मोडीत टाकायला ठेवलं होतं. आबांनी ते भरलं, पिस्तुलात बसवलं, हात लांब करून पोत्यांवर नेम धरला.

पहिली गोळी सुटली. दुसरीला पिस्तूल मध्येच अर्धं उघडं राहून थांबलं. गोळी तिरकी होऊन नळीच्या तोंडाशी रुतली होती.

"हे बघा."

"अडकलं!" साहेब ओरडले. "अडकलं, अडकलं!"

"आता चाप ओढून बघा. नळी पोत्यांकडेच राहू द्या, मी धरतो."

पिस्तूल साहेबांच्या हातात जाताना आबांच्या अंगठ्याने खिट्टी वर सरकवली. अर्धवट अडकलेलं हत्यार दुसऱ्याच्या हातात देताना कुठलाही शहाणा माणूस हेच करेल, त्यामुळे बघणाऱ्यालाही त्यात वावगं दिसलं नसतं. साहेबांनी चाप ओढला. दोन बोटांनी ओढला.

"दगड!" त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "हेच! अगदी हेच! ऐकलंस का गं? बघितलंस का रे? दगड!"

"आबा, पण हे तर तुम्ही—" धाकट्याने सुरुवात केली. त्याच्या दुसऱ्या बाजूला लिफ्टवाला उभा होता. त्या मुलाला पिस्तुलातलं काही कळत नव्हतं, पण बबीने केलेली खूण कळत होती. त्यानेही होऊ घातलेल्या चुलतसासऱ्याच्या बुटावर पूर्ण वजनानिशी पाय ठेवला. दोघांचं जमणार, याबद्दल थोरलीच्या मनात उरलीसुरली शंका होती, ती त्या क्षणी मिटली.

"पहिल्या खेपेला असंच व्हायचं," आबा गंभीरपणे म्हणाले. "अडकायचं, आणि चापही धरून ठेवायचं. दोष माझा. तुमचा काही इलाज नव्हता."

साहेबांनी आबांना मिठी मारली. मधल्या कानपट्ट्या एकमेकींवर आपटल्या. "असा माणूस बघितला नाही! स्वतःच्या हाताने केलेली वस्तू, आणि चारचौघांत म्हणतो दोष माझा! तुमच्या घरात मुलगा द्यायचा नाही तर कुणाच्या? चला, तारीख ठरवू."

"अहो, मुलगा द्यायचा नसतो, मुलगी आपल्याकडे यायची असते," बाई किल्ल्या वेचत म्हणाल्या.

"तेच ते! या घराशी नातं जोडायचं, एवढं मला कळतं."

तारीख ठरवायला मंडळी दिवाणखान्यात परतली. थोरलीने चहा नव्याने टाकला आणि हात मोकळे होताच कपाटामागची तसबीर काढून पुन्हा भिंतीवर लावली. साहेबांनी ती जवळून बघितली, चौकीदाराच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्याला काय ठाऊक, हातात काय धरलंय!" सगळ्यांत मोठ्याने हसले ते आबा.

दोघे भाऊ दुकानात उभे होते. हसत नव्हते.

"त्यांनी नाव घालवलं आपलं," थोरला म्हणाला. "स्वतःच्या हाताने!"

"तरी तुला सांगत होतो, परदेशी विक."

"तू आता परत सुरू करू नकोस."

"करत नाही. खरं सांगू? मघाशी ते हातात घेतलं तेव्हा... बरं वाटलं, दादा. दोन-तीन आहेत तुझ्याकडे चांगली? माझ्या कपाटात एक ठेवून बघू. कोपऱ्यात."

"कोपऱ्यात का? पुढे ठेव."

"कोपऱ्यात," धाकटा म्हणाला. "पण दिवा लावतो वरती."

पट्टीवर आबा एकटेच पिस्तूल मोकळं करत बसले होते. बाई दारात आल्या.

"खडू राहिला होता माझा."

"हा घ्या."

खडू घेऊनही बाई गेल्या नाहीत. "माझे वडील सैन्यात होते, आबा. खिट्टी कुठे असते ते मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे."

आबा कापडाने नळी पुसत राहिले.

"त्या दिवशी घरी आले, पिस्तूल टेबलावर आपटलं आणि तोंड धुवायला गेले. मी उचलून बघितलं. खिट्टी वरच होती. आत्तापर्यंत कुणाला बोलले नाही."

"त्यांनाही नाही?"

"एकदा सांगणार होते. भांडण झालं होतं आमचं, शब्द अगदी ओठांवर आला होता. पण ते जेवता जेवता उठून गेले, मग म्हटलं राहू दे." त्यांनी खडू मुठीत आवळला. "मघाशी त्यांचा अंगठा हलायला लागला तेव्हा वाटलं, आता संपलं. पर्स टाकली खरी, पण पर्स किती वेळ पुरणार?"

"पर्स वेळेवर पडली. मला डबा उपसायला तेवढाच वेळ हवा होता."

"तुमच्या पिस्तुलाचं नाव मात्र आणखी बुडालं."

आबा पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसले. "बाई, ते आधीच तळाला टेकलंय. आता आणखी कुठे बुडणार?" मग त्यांनी नळी उजेडाकडे धरून बघितली. "तुम्ही बघितलंत ना, तीन जणांच्या हातात कसं चाललं ते?"

"बघितलं. एकदाही अडखळलं नाही."

"मग झालं. एक जण सोडून बाकी सगळ्यांनी बघितलं."

बाई काही बोलणार, एवढ्यात बाहेरून मैदानी आवाज आला. "आबा! अहो आबा!" पाठोपाठ साहेब स्वतः आले, मागे दोन्ही भाऊ. "ते मॅगझिन मला हवं. अडकणारं. परवानगी काय ती घेतो मी. ठाण्यातली जुनी मंडळी महिन्यातून एकदा भेटतो आम्ही, त्यांच्यापुढे ठेवणार, चालवून दाखवणार. म्हणावं, बघा आता, आणि म्हणा 'येतो साहेब'! बनवणाऱ्याच्या हातचा पुरावा आहे."

थोरल्याने आबांकडे पाहिलं. मग त्याने साहेबांकडे पाहिलं, त्या ताठ मानेकडे, चमकणाऱ्या डोळ्यांकडे, आणि त्यांच्यामागे खडू मुठीत घट्ट धरून उभ्या असलेल्या बाईंकडे. आबांनी मघाशी तसं का केलं, ते त्याच्या आत्ता कुठे लक्षात येऊ लागलं.

"देतो," तो म्हणाला. "पण जरा साफ करून देतो. तुम्ही चहा घ्या तोवर."

साहेब खुशीत गेले, बाई त्यांच्यामागे गेल्या. थोरल्याने मॅगझिन टेबलाच्या शिकंज्यात घट्ट आवळलं, पक्कड उचलली आणि तोंडाजवळचा पत्रा हलक्या हाताने आणखी बाहेर फाकवायला सुरुवात केली. धाकट्याने न सांगता दिवा जवळ ओढला.

"आबा," थोरल्याने पक्कड थांबवून विचारलं, "किती वाकवू?"

"फार नको," आबा जवळ येत म्हणाले. "पहिली सुटू दे. दुसरीला अडकू दे. म्हणजे किस्सा सांगताना त्यांना जरा श्वास घ्यायला जागा राहील."